पाण्यावरच्या विमानाची पितळी गाडी

मॉडेलचे महागडे सुटे भाग घ्यावेत का, असं विचारतोस ना, मग ऐक. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचं एक मॉडेल मी जोडलं होतं. त्याचं पोट नावेसारखं, म्हणून फळीवर ठेवलं की एका पंखावर कलंडायचं. असलं खरं विमान ज्या गाडीवर किनाऱ्यावर ओढून आणतात, तिची छोटी पितळी नक्कल वेगळी मिळती, चाकं लावलेली, पण मॉडेलपेक्षा महाग. मी ठरवलं, घेणार म्हणजे घेणार.

आमच्या गारखेड्यात तेव्हा इमारती रोज वाढत होत्या आणि नळाला पाणी आठ दिवसांनी. बायको म्हणली, "मोठी टाकी घ्यायची सोडून खेळण्याला चाकं?"

"टाकी बी घेऊ. आधी गाडी."

गाडी आली त्याच दिवशी पाचोडहून माझे मामा आले. त्यांच्या विहिरीनं तळ गाठला होता. बायको म्हणली, "मामा, तुम्हीच सांगा आता ह्यांना."

मामांनी चष्मा लावून विमान निरखलं. "हे पाण्यावर उतरतं व्हय?"

"व्हय."

"मंग सूनबाई, गाडी लागंलच. नाथसागर धरणात पाणी येईस्तोवर हे बिचारं उभं कशावर राहील?"