मालकाच्या वजनाची खाच

—उतरा आता काट्यावरनं, पावणं. पंचावन्न किलो. शेजारच्या अडतीतला गुळाचा काटा हाय, खोटं न्हाय बोलायचा. मोटरसायकल शर्यतीचा कुठलाबी गडी असू दे, ह्या पिराजीकडं आधी काट्यावर चढतो, मगच मी मागच्या चाकाच्या स्प्रिंगला पाना लावतो. ह्या खाचा दिसत्यात न्हवं? जड मानसाला वरची, ताठ; हलक्याला खालची, ढिली. बसा गाडीवर, मी धरतो. ताठ वाटती? वाटू दे की, माळावर ताठच बरी — चला, झालं काम, न्या गाडी. काय? पायाचं काय विचारताय? वाकत न्हाय गुडघ्यात. दहा वर्सं झाली.

उचगावच्या माळावर शर्यतीत पडलो. मी बावन्न किलोचा, गाडी बापूसोंची — व्हय, तुमच्याच वडलांची, ओळखलं की मगाशीच, नाक तेच हाय. हात जोडून म्हटलं, मालक, स्प्रिंग तुमच्या नव्वद किलोला लावलीया, जरा ढिली करू द्या. तर म्हनाले कसं — जिंकल्यावर हार घालून गाडीवरनं फेरी कोन मारनार? मी. मग खाच माझ्याच वजनाची ऱ्हानार. फेरीसाठी ओ! दुसऱ्याच टेकाडावरनं उडी घेतली, खाली आलो तर स्प्रिंग दबतीया कुठली — मागनं लाथ मारल्यागत उडाली, आनि मी हँडलवरनं पुढं. तीन म्हैनं दवाखान्यात व्हतो. बापूसो एकदाबी आले न्हाईत. मानूस मातर धाडला, हेल्मेट परत न्यायला. तवाच ठरवलं, ह्या मानसाला रडवल्याशिवाय मरायचं न्हाय—

काय बघताय खाली वाकून? खाच बघताय? बघा. सगळ्यात वरची हाय, नव्वद किलोची. सकाळी तुमचा गडी गाडी टाकून गेला, म्हनला, मालकांचं पोरगं दुपारी शर्यतीला उतरतंय — आनि हात थांबला न्हाय माझा. बोलायचं नव्हतं, बोलून बसलो. बसू दे. बापूसोंनाबी कळू दे की दवाखान्याचं बाकडं कसं असतंय. जा पोलिसात, सांगा. मी हितंच हाय, पळायला पाय कुठं हाय मला?

काय म्हनला? मोठ्यानं बोला की. वडलांनीच सांगून धाडलंय? त्यांच्याच वजनाची खाच ठेवायची? फेरीसाठी... तुलाबी? पोटच्या पोराला?

...

उतर. उतर म्हनतो न्हवं! दे तो वाकडा पाना. एक... दोन... तीन खाचा खाली. दुसऱ्या बाजूच्याबी तीन. बस आता. दबली? चार बोटं दबली बघ, बरुबर. आता कशीबी उडी मार, गाडी तुला झेलंल. हात जोडू नको. दया आली म्हनून न्हाय केलं. नव्वद किलोचा बापूसो गळ्यात हार घालून ह्या पंचावन्नच्या स्प्रिंगवर बसू दे एकदा. पहिल्याच खड्ड्यात गाडी बुडावर आपटनार, मडगार्ड टायरला घासनार, हार तोंडावर येनार — अख्ख्या उचगावासमोर! मी लंगडत येतो आनि फुडंच उभा ऱ्हातो. पर एक ध्यानात ठेव. तू हरलास तर त्यो फेरीला बसायचा न्हाय. जिंक.

जा, पळ आता. काट्यावर दुसरा गडी चढलाय.