बाटलीवरचं नाव

तपासणी केंद्रात माझ्या शेजारच्या बाकावर ट्यूबलाइटच्या कारखान्यातले दोन कामगार बसले होते.

"तुला परत का बोलावलं?"

"लघवीत पारा सापडला म्हणे, गेल्या खेपेच्या दुप्पट. आता कामावरून घरी बसवतील."

"आपल्या कामात पारा नाही तर काय गुलाबपाणी निघणार?"

"अरे, पण या खेपेची लघवी माझी नव्हतीच. बायकोची होती."

"वहिनींची?"

"ती कधी कारखान्याच्या फाटकातही आलेली नाही. म्हटलं, तिची स्वच्छ निघेल. दिली बिचारीने बाटली भरून. म्हणाली, एवढं एक काम तरी स्वतःचं स्वतः करायचंस."

"मग तिच्यात पारा कुठून आला? थर्मामीटर चावते की काय?"

"काय माहीत. दिवसभर घरातच असते. स्वयंपाक करते, पोरांचं बघते, माझे कारखान्याचे कपडे झटकून धुते..."

"बरं, मग?"

"तुझे कपडे कोण धुतं रे?"

"आई."

"आणि पिशवीतली ही बाटली कोणाची?"

"आईचीच."

"मग दे आत. फक्त नाव तिचं सांग."