अडीच मिलीचा पाइप

नाही शामरावजी, हलकं गेट माझ्या हातून होत नाही, आधीच सांगून ठेवतो — चौबे कॉलनीतल्या त्या वकिलाचं गेट पाहा, दोघं मिळून ढकलतात तेव्हा उघडते. लोकं म्हणतात, गुढियारीच्या गंगाधरचं गेट लावा, चोर आला तर गेट उघडताउघडताच थकून घरी जाईन. काय करू? रेल्वेत एकतीस वर्षं वेल्डिंगनं वॅगनी जोडल्या. आमचा उस्ताद हिरालाल सांगे — शंका आली का पत्रा एक नंबर जाड घे. आन मले त शंका जन्मापासून येते.

बसा न. ते? ते गेट नाही, रेसची गाडी आहे — छत नाही, चाकं उघडी, दिसते खाटेवानी, पण धावते. कॉलेजच्या पोट्ट्यांची. माझी मंजिरी चालवणार. पोट्टे अंकल, अंकल करत आले, नियमाचं अख्खं पुस्तक हिंदीत समजावलं — सांगाड्याचा पाइप दोन मिलीपेक्षा पातळ नको, आन गाडी आन चालवणारी दोघी मिळून ठरल्या वजनाच्या खाली नको. वर कितीही चालते, पण वरचा एकेक किलो गाडीले मागं ओढते. "दो एमएम, अंकल, याद रखना." मी म्हटलं, हव.

आन आणला अडीचचा.

काहून म्हणजे? उलटली त त्या पाइपाखाली डोकं कोणाचं आहे? बाहेरून माप तेच, जाडी सारी आतून — कोणाले दिसते? होणाऱ्या इंजिनेरांच्या डोळ्यांत मी आठवी पास माणसानं धूळ फेकली, दोन दिवस शीळ वाजवत फिरलो.

मंग गाडी काट्यावर चढवली. हिशेबापेक्षा आठ किलो जास्त. पोट्टे हैराण — सीटची गादी काढली, पायडलीले भोकं पाडली, त्यातला लोकेश त एकेक बोल्ट तोलून पाहे. आन मी? मी त्याइले चहा पाजून राहिलो होतो, वरून म्हणत होतो, रंगाचं वजन असन बेटा.

मंजिरीनं पोळी सोडली. भात सोडला. म्हणे, बाबा, आता कापाले मीच उरली. तीन आठवडे काकडीवर राहिली पोरगी. परवा हेल्मेट घालता घालता चक्कर आली, अन् या दारावर डोकं आपटलं. कराले गेलो गणपती आन झाला मारुती — जे डोकं वाचवाले जाड पाइप टाकला, तेच फुटलं. दार बी माझंच केलेलं. जाड. चार टाके पडले.

सांगतलं? कोणाले सांगू? तुमालेच सांगून राहिलो, ते बी गेटाच्या गोष्टीतून निघून गेलं. रविवारी तपासणी आहे. पाइपाले बारीक भोक पाडून जाडी मोजतात. गाडी पास होईन हो, जाड पाइपाले कोण नापास करते? पण माप वाचतील तेव्हा मंजिरी बाजूलेच उभी असन. अडीच ऐकलं का ती माझ्याकडं पाहीन. तिले हिशेब येते.

ती पाहा, आलीच. माझा डबा घेऊन. मले वाढते आन सोता समोर काकडी कापत बसते.

तुम्ही निघा आता, गेटाचं सोमवारी पाहू. आज तिले पहिले जेवू घालतो, मंग सांगतो. — नाही, पहिले सांगतो. सांगतल्याबिगर ती घास घेणार नाही. जा न शामरावजी. दार ढकला. जोरानं ढकला, जड आहे ते.