चेंडूकडे न बघणारा माणूस

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या लॉगर्स संघाच्या मालकीणबाई श्रीमती मार्लिस ट्वेट, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ड्युलुथ शहराचे महापौर आणि पास्टर लिंडग्रेन, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती आर्वो कांगास, हेल्मीवहिनी, आजी-माजी खेळाडू, आणि स्वयंपाकघराच्या दारात अजून हात पुसत उभ्या असलेल्या व्हर्नाबाई व त्यांची मंडळी, ज्यांच्या रानतांदळाच्या सुपामुळे समोरच्या अर्ध्या सभागृहाचे डोळे मिटायला लागले आहेत, अशा सर्वांना माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'दोन शब्द' असं छापलंय. वेंडेल होम्स्ट्रॉम, दोन शब्द. एरवी मला या शब्दांची भीती वाटत नाही. या गावात मी पुलाच्या उद्घाटनापासून मासेमारीच्या स्पर्धेपर्यंत सगळीकडे भाषणं ठोकली आहेत. पण आज माझे पाय लटपटतायत. माझ्या कोटाच्या खिशात फोन आहे, तो मघापासून थरथरतोय, आणि पलीकडे कोण आहे हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मागच्या बाकावरचे पत्रकार हो, कुजबुजू नका. तुम्हाला तर माझ्याआधी कळलं होतं.

मूळ घोळ हेल्मीवहिनींचा. आर्वोच्या निरोपाचा दिवस त्यांनी ठरवला. मंगळवार, म्हणजे खेळाडूंच्या सुट्टीचा दिवस. वहिनी, तुम्ही लीगचं कॅलेंडर बघितलं नाहीत. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत आज संपते, आपल्या घड्याळात तीन वाजता. तीननंतर या मोसमात कुणाला कुठे पाठवता येत नाही, कुणाला आणता येत नाही. मी म्हटलं होतं, दिवस बदलू या का? तर आर्वो म्हणाला, "तू विचार तिला. मी नाही विचारणार." मीही नाही विचारलं. तुम्ही हसताय, पण तुमच्यापैकी कुणी विचारलं असतं का?

तर आपला ल्यू. ल्युशियस फॉन्टेनो. तो बघा, तिसऱ्या टेबलावर, ॲपल-पायचा दुसरा तुकडा खातोय. त्याची ओळख करून द्यायची गरज नाही, पण पास्टरसाहेबांच्या पत्नी परवाच मला म्हणाल्या की त्यांना आपल्या या हातांनी खेळायच्या फुटबॉलमधलं काही कळत नाही, म्हणून त्यांच्यापुरतं सांगतो. ल्यू रिसीव्हर आहे. चेंडू लांब फेकला जातो, आणि ल्यू जिवाच्या आकांताने धावत जाऊन तो हवेतून उतरवतो. या शहरात थंडीने नाक गळून पडायची वेळ आली तरी लोक मैदानावर येऊन बसतात, ते त्याच्यासाठी. मागच्या आठवड्यापासून दक्षिणेतला एक श्रीमंत संघ त्याला मागतोय. बदल्यात कॉलेजातून येणाऱ्या नव्या मुलांच्या निवडीत दोन वर्षं त्यांचा पहिल्या निवडीचा हक्क आपल्याला देतोय. ल्यू एकतीस वर्षांचा आहे. मार्चमध्ये त्याचा करार संपतो, तेव्हा तो कुठेही जाऊ शकतो आणि आपल्या हातात भोपळा. व्यवहार म्हणून बघाल तर शाळकरी पोरगंसुद्धा 'पाठवा' म्हणेल.

आणि गाव काय म्हणतंय? गावाने माझं जगणं मुश्कील केलंय. पेट्रोल भरायला गेलो तर पंपावरचा माणूस म्हणतो, "साहेब, ल्यूला पाठवलंत तर पेट्रोल शेजारच्या गावात भरा." आज व्हर्नाबाईंनी मला सूप वाढलं, त्यात तांदूळ नव्हता, कोंबडी नव्हती, नुसतं पाणी. मी त्यांच्याकडे बघितलं, तर म्हणाल्या, "पाठवलंत तर पुढच्या वेळी तेही मिळायचं नाही."

संघात कोण राहणार आणि कोण जाणार, हे ठरवण्याचा पगार मी घेतो. मार्लिसबाईंनी स्वच्छ सांगितलं, "वेंडेल, तुम्ही ठरवा. फोन तुम्ही करा नाहीतर मी, लीगला दोघांचाच आवाज चालतो. पण चुकलात तर मी काय करीन, ते तुम्हाला माहीत आहे." माहीत आहे, बाई. माझाही निरोप समारंभ होईल, आणि त्याला एवढी गर्दी व्हायची नाही.

पुन्हा थरथरला. असू दे.

मी आर्वोबद्दल बोलायला उभा आहे, त्याच्याकडे येतो. ट्रेनर म्हणून आर्वोने आयुष्यभर आपल्या खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधल्या, खांदे जाग्यावर बसवले, रडणाऱ्या धटिंगणांना गप्प केलं. आता त्याचे हात कापतात, पट्टी सरळ बसत नाही, म्हणून मोसमाच्या मध्येच तो थांबतोय. हे सगळं पत्रिकेत छापलंय. छापलं नाही ते सांगतो. या माणसाने आपल्या संघाचा एकही झेल बघितलेला नाही! ऐकून आश्चर्य वाटेल. सामन्यात तो मैदानाच्या कडेला उभा असतो, आणि सगळं स्टेडियम चेंडूमागे मान फिरवत असतं तेव्हा हा दुसरीकडेच बघत असतो. मी एकदा चिडून विचारलं, "अरे, केवढा सुंदर झेल होता! बघितलास का?"

"नाही."

"मग बघतोस काय तू इतकी वर्षं?"

"चेंडूकडे बघायला तुम्ही आहात की एवढे," तो म्हणाला. "मी माणसांकडे बघतो."

फिनलंडच्या लोकांचा खाक्याच कमी बोलायचा. इतकी वाक्यं एका दमात बोलला म्हणून त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

सप्टेंबरातला तो रविवार तुम्हाला आठवतो. आठवतो म्हणजे काय, कुणी विसरलंच नसेल. ल्यू मैदानाच्या मध्यातून तिरका धावला, उडी मारली, चेंडू घेतला. रिसीव्हरचं दुर्दैव असं की त्याला वर बघावं लागतं. त्याच्या अंगावर कोण येतोय हे सगळ्या जगाला दिसतं, त्याला तेवढं दिसत नाही. आम्हाला दिसलं. मी वर काचेच्या खोलीत होतो, मी ओरडलो, आणि काचेतून आवाज बाहेर जात नाही. ल्यू पडला तो हललाच नाही. तुम्हाला ती शांतता आठवते का? झेंड्याच्या काठीवर दोर आपटत होता, तेवढाच आवाज. आणि कुणाच्याही आधी, पंचाच्याही आधी, एक सत्तरीचा म्हातारा मैदानात पळत होता. कारण चेंडू हवेत असतानाच तो निघाला होता.

ल्यूची बोटं हलली. दवाखाना झाला, तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी महिन्याभराने सांगितलं, पठ्ठ्या ठणठणीत आहे. ल्यू परत आला आणि पहिल्यासारखाच खेळायला लागला. बरा झाला नाही तो मी.

हो. आता सांगूनच टाकतो. तेव्हापासून ल्यू मध्यातून धावायला लागला की मी माझ्या बुटांकडे बघतो. परवाच्या रविवारी तर तेही जमेना, मी उठून स्वच्छतागृहात जाऊन बसलो. बाहेर गर्दीचा आवाज आला आणि तो आनंदाचा की कसला, तेच मला कळेना. मी कडीला हात लावून उभा, बाहेर यायची हिंमत होईना. संघाचा कारभारी, वय वर्षं साठ, आणि दाराआड लपलेला! त्यामुळे दक्षिणेतून मागणी आली तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? दोन नवी मुलं मिळतील हे नाही. मला वाटलं, सुटलो. आता तो कुठेतरी लांब पडेल आणि मला बघावं लागणार नाही.

आज सकाळी मी आर्वोच्या खोलीत गेलो. तो कपाट आवरत होता. मी म्हटलं, "मी हो म्हणणार आहे. ल्यूचंही भलं होईल. तिथे ऊन आहे, पैसा आहे."

"तो मैदानाच्या मध्यातून धावायचा थांबणार आहे का तिथे?"

"नाही. उलट जास्त पळवतील."

"मग पाठवून भीती कुणाची जाणार? त्याची?"

मग त्यालाच विचारलं, "तुला कधी भीती वाटली नाही, आर्वो?"

तो हसला. "दर रविवारी सकाळी मला ओकारी येते. हेल्मीला विचार. तिला वाटतं कॉफी सोसत नाही, म्हणून तिने ती घरातून हद्दपार केलीय."

वहिनी, तुम्ही मान हलवताय, म्हणजे खरं आहे.

मी खोलीतून बाहेर पडलो तर बाहेर ल्यू उभा. ल्यू, तू मला काय म्हणालास ते सांगू का इथे? ... सांग म्हणतोय. तोंडात पायचा घास आहे म्हणून मानेने म्हणतोय. तर एरवी हा मला भेटला की माझ्या टायवरून टवाळी करतो. आज केली नाही. म्हणाला, "बॉस, कुठेही पाठवा, खेळीन. तेच काम आहे माझं. पण आर्वो चाललाय. आता मी पडलो तर कोण बघत असेल, तेवढं मला सांगा." सहा फूट चार इंचांचा माणूस, त्याच्या नावाच्या जर्सीसाठी पोरं भांडतात, आणि तो हळू आवाजात हे विचारत होता. मी म्हटलं, दुपारी सांगतो. आणि सटकलो.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. मला वाटलं 'आवरा' असेल. 'फोन घ्या' असं लिहिलंय. धन्यवाद, बाई. चिठ्ठी इथे माईकखाली ठेवतो.

मंडळी, मी या माईकसमोर आलो तेव्हा माझं ठरलेलं होतं. आर्वोला शाल नसली तरी ही घोंगडी द्यायची, दोन शब्द बोलायचे, बाहेर व्हरांड्यात जायचं आणि त्या लोकांना 'हो' म्हणायचं. जेवताना मी तो 'हो' मनात घोकत होतो. पण आता हे सगळं बोलता बोलता समोर बघतोय, तर तुम्ही सगळे माझ्याकडे बघताय आणि एकटा आर्वो ल्यूकडे बघतोय. स्वतःच्या सत्काराच्या दिवशीसुद्धा! अरे, निदान आज तरी वर बघ, लेका.

समोरच्या भिंतीवरचं घड्याळ तुमच्या पाठीमागे आहे, मला मात्र स्पष्ट दिसतंय. अजून थोडा वेळ आहे. मार्लिसबाई, मी जाहीरपणे सांगतो. मला फोन घ्यायचा नाही. मी चुकत असेन. मार्चमध्ये ल्यू निघून जाईल, आपल्याला काहीही मिळणार नाही, आणि हेच सभागृह मला जोड्याने मारील. पण तुमचा आवाजही लीगला चालतो. फोन तुमच्या पर्समध्ये आहे, दार डावीकडे आहे, मी अडवायचा नाही. माझे पाय इतके कापतायत की मला अडवताही येणार नाही.

बाई उठल्या.

थांबा, कुणी बोलू नका. पास्टरसाहेब, त्यांना जरा वाट द्या.

... पाणी. माझ्यासाठी. पाण्याचा जग त्यांच्यासमोर होता. आभारी आहे, बाई. त्या परत बसल्या आहेत, हे मागच्यांना दिसत नसेल म्हणून सांगतो.

ल्यू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर दुपारी देतो म्हटलं होतं. आर्वोची जागा भरायची माझी लायकी नाही. मला पट्टी बांधता येत नाही, रक्त बघितलं की चक्कर येते. नवा ट्रेनर येईल, चांगला येईल. पण रविवारी मी काचेच्या खोलीत नसेन. खाली कडेला, थंडीत, त्या ट्रेनरच्या शेजारी उभा राहीन, आणि तू मध्यातून धावलास की बुटांकडे बघणार नाही. चेंडूकडेही बघणार नाही. झेल सुटला की मिळाला ते मला नंतर कुणीतरी सांगा. ल्यू, खाणं थांबव आणि रडू नको, कॅमेरे आहेत.

आर्वो, तुझ्याबद्दल बोलायचं ते राहूनच गेलं. घोंगडी व्हर्नाबाईंनी विणली आहे, ती घे. रविवारी घरी बसून सामना बघ. टीव्हीवर फक्त चेंडूच दाखवतात, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तोही बघून घे. हेल्मीवहिनी, कॉफी निर्दोष होती, तिला पुन्हा घरात घ्या.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, सूप करणाऱ्यांचे आणि इतका वेळ हालचाल न करता ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव सुटलं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. शेवटी वक्ते म्हणतात की बोलताना वेळेचं भान राहिलं नाही, माफ करा. मला तसं म्हणता येणार नाही. मी सगळा वेळ घड्याळाकडेच बघत होतो. तीन वाजले आहेत, आणि खिशातला फोन थांबलाय.

माझे पाय मात्र अजून कापायचे थांबलेले नाहीत. ल्यू, रविवारी भेटू.