डाक्टरनं मला कधी डिसओबिडियंट म्हटलं नाही

...डिसओबिडियंट! ऐकलं का? डिसओबिडियंट! एवढा लांब शब्द, गरम आलूबोंड्यासारखा तोंडभर, आणि तो भेटला कुणाला? बकारामला! आमच्या शेजारच्या बकारामला, ज्यानं उभ्या जन्मात एक काम वेळेवर केलं नाही, जो स्वतःच्या लग्नाच्या दिवशी वरात उभी ठेवून तलावावर मासे काढताना पाहायला गेला, त्याला! तुम्हाला सांगतो, मी जळत नाही. मी कायले जळू? मी फक्त सांगून राहिलो.

आम्हा दोघांनाही शुगर. एकाच वर्षी निघाली, एकाच डाक्टरनं काढली. दर महिन्याला एकाच आटोत बसून आम्ही तिरोड्याला जातो. आता माझं पाहा. जेवणाआधीची गोळी जेवणाआधी, नंतरची नंतर. धानाच्या मुलखात जन्मून भात सोडला हो मी! शेताच्या बांधीत धान आपलं आणि ताटात भाकर! शाळा चौथीपर्यंत, पण शिस्त मला कुणी शिकवली नाही, ती अंगातच. आणि बकाराम? सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात, वरून आटोतून उतरला की दवाखान्यासमोरच्या ठेल्यावर जिलबी. जिलबी खाऊन, बोटं चाटत चाटत, हा माणूस शुगर तपासायला आत जातो!

आधी नंबर माझा. डाक्टर कागद पाहतो. "बाबाजी, आप तो एकदम ठीक हो. नेक्स्ट!" संपलं. खुर्ची गरम होत नाही. मग बकाराम जातो, दार लागतं आणि आतून जो आवाज येतो... "ये क्या है? टोटल इनडिसिप्लिन!" बाहेरचे सगळे दाराकडे पाहतात. "यू आर व्हेरी स्टबर्न!" नर्सबाई पळत आत. "इतना केअरलेस पेशंट मैंने देखा नहीं!" अर्धा तास! शिकलेला माणूस, बाहेर पेशंटची रांग, आणि तो अर्धा तास एकट्या बकारामसाठी घसा फोडून राहिला! अन् मला? मला एक शब्द नाही.

बरं, गप्प बसावं ना माणसानं? गावात आला की थेट पानठेल्यावर. "काय म्हणे गा डाक्टर?" "काय म्हणन बापा, इनडिसिप्लिन म्हणे. वरून स्टबर्न." "अरे बापरे! दोन-दोन? जप गा, बकारामभाऊ!" आणि लोक उठून त्याला बाकावर जागा देतात! मी कंपाउंडरला अर्थ विचारून आलो. म्हणे शिस्त नाही, हट्टी आहे, बेफिकीर आहे, सांगितलेलं ऐकत नाही. हे तर त्याचा बाप त्याला रोज म्हणत होता! हेच आपल्या बोलीत म्हणा, हेकट म्हणा, उंडगा म्हणा, दोन घरांचं बोलणं तुटेल. इंग्रजीत म्हटलं की माणसाला जागा भेटते. कुठला न्याय आहे हा?

पण तेही मी सोसलं असतं. खरं दुखणं पुढं आहे. मागच्या पावसाळ्यात डाक्टरनं बकारामच्या पोराला, हिमांशूला, नागपूरला फोन लावला. "तुम्हारे पिताजी डिसओबिडियंट हैं, संभालो." झालं! तेव्हापासून हिमांशू दर रविवारी हजर. आमची भिंत एक, सगळं ऐकू येतं. "बाबा, तुम्ही काऊन ऐकत नाही?" "खाईन! काय करशीन?" "गोळी घ्या म्हटलं ना!" "नाही घेत, जाय!" थोडा वेळ भांडण, मग हसणं. कुंता, माझी बायको, कुंपणावरून पाहून आली. म्हणे, "पोरगा बापाचे पाय दाबून राहिला."

माझा धनेंद्रही नागपूरलाच आहे. तेच शहर, तीच गाडी, तेच तिकीट. आईला फोन करतो. "बाबांचं काही टेन्शन नाही आई, बाबा शिस्तीचे." दिवाळीला येतो म्हणाला होता. कोणत्या दिवाळीला, ते विचारू नका. अन् मला? मला एक शब्द नाही.

मग मी ठरवलं. गोळ्या बंद. ताटात भात घेतला, डोंगर केला, कुंता ओरडली, "अवो, काय करून राहिले तुम्ही?" मी म्हटलं, "वाढ आणखी." कुंता काळजीनं सोबत आली. तिरोड्याला उतरलो ते सरळ जिलबीच्या ठेल्यावर, बकारामच्या आधी! आत गेलो, छाती काढून सांगितलं, "डाक्टरसाब, मैंने गोली नहीं खायी. नहीं खाऊंगा!" आणि बसलो वाट पाहत. आता म्हणतो... आता म्हणतो...

डाक्टर ओरडलाच नाही हो! चष्मा काढला, आवाज मऊ केला. "बाबाजी, याद नहीं रहता?" मी म्हटलं, "याद रहता है! जानबूझके नहीं खायी!" तो कुंताकडे वळला. "ऐसाच बोलते हैं, माताजी. उमर हो गयी. थोडा कन्फ्युज्ड हैं." कन्फ्युज्ड! बकारामनं गोळी टाळली तर मस्ती, मी टाळली तर म्हातारपण! बेशिस्तसुद्धा माझ्या नावावर कुणी लिहून घेत नाही!

पण डाक्टरचा फोन धनेंद्रला लागला. रविवारी धनेंद्र आला. समोर बसला, माझा हात धरला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं, "बाबा... मी... धनेंद्र... ओळखलं का?" असा राग आला! पण हात धरला होता ना त्यानं. डाक्टरनं सांगितलं होतं, रोज वार विचारायचा, बरोबर सांगितला तर डोकं ठिकाणावर. "बाबा... आज... वार... कोणता?" अरे, रविवार! रविवार नसता तर तू आला असतास का? पण रविवार म्हटलं की हा संध्याकाळच्या गाडीनं परत. मी आढ्याकडे पाहिलं. म्हटलं, "बुधवार."

त्यानं तिथूनच हापिसात फोन केला, सुट्टी वाढवली. सोमवारी विचारलं, म्हटलं बुधवार. पाय दाबले त्यानं! बकाराम कुंपणाशी उभा राहून पाहत होता, पाहू दिलं. मंगळवारी विचारलं, बुधवार. धनेंद्रनं स्वतः भाकर मोडून दिली, लहानपणच्या गोष्टी काढल्या, मी म्हटलं चालू दे, आपल्याला काय, सांगायचं बुधवार, घ्यायची सेवा...

आज सकाळी चहा घेऊन आला. "बाबा, आज वार कोणता?" मी मान वर न करता म्हटलं, "बुधवार."

पोरगं ओरडलं, "आई! बाबा एकदम ठीक झाले!"

पाहा ना कॅलेंडर, पाहा... बुधवारच आहे हो आज. तो आत बॅग भरून राहिला.