पंपघराला लावलेलं कुलूप

शिवणकामवाल्या काकू (गल्लीत याच नावाने ओळख), वय ५८ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार पंपघरासमोरील गल्ली.

समक्ष पोलीस चौकीत विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी मुलगा, सून व दोन महिन्यांची नात यांचेसह राहते. सुनेला दूध पुरत नसल्याने नातीला पावडरचे दूध बाटलीने देतो. गल्लीत पंपघरातील बोअरचे पाणी येते. पंपघरामागे खताचे गोदाम असून तेथील खत भिजून जमिनीत मुरते. म्हणून मी पाणी खात्यात विचारण्यास गेले असता साहेबांनी "उकळून द्या" असे सांगितले. मी सुनेला म्हणाले, "अगं, नुसतं उकळू नकोस, चांगलं अर्धं आटव." तिने तसेच केले.

पुढे नातीचे ओठ व नखे निळसर पडली, ती दूध ओढेना. दवाखान्यातील डॉक्टर बाईंनी सांगितले की, उकळल्याने जंतू मरतात, खताचा अंश जात नाही. पाणी आटले की तो उलट वाढतो. मोठ्यांना तो बाधत नाही, तान्ह्या बाळाच्या रक्तातून प्राणवायू पोचेनासा होतो. मी हबकलेच. नात अद्याप दवाखान्यात असून तिच्या नाकाला नळी आहे. सून माझ्याशी बोलत नाही.

मी पुन्हा खात्यात जाऊन पंप बंद करा म्हणाले. "तपासणीत जंतू नाहीत," एवढेच त्यांचे पालुपद. आज साहेब पंपघरावर आले व सर्वांदेखत पेलाभर पाणी गटागटा पिऊन म्हणाले, "बघा, मला काही झालं का?" माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "अहो, तुम्ही एवढे बाप्ये! तुम्ही काय बाटलीनं दूध पिता?" बायका हसल्या. साहेब तणतणत निघून गेले. त्यानंतर मी मोटार बंद करून पंपघराला घरचे कुलूप लावले. साहेबांना धक्काबुक्की केली ही त्यांची तक्रार धादांत खोटी आहे. एक ठेवून द्यावी असं मनात आलं होतं, तेवढं मात्र लिहा.

किल्ली माझ्याजवळ आहे. पाण्याचा टँकर येईपर्यंत ती देणार नाही. गल्लीत बाटलीवरची आणखी बाळे आहेत. सांगून सांगून तोंडाला फेस आला माझ्या.

येथवर लिहून झाल्यावर लिहिणारे हवालदार उठून दाराशी गेले व घरी फोनवर म्हणाले, "बाळाच्या दुधाला पाणी कुठलं घेतेस? पंपाचंच? टाकून दे ती बाटली, आत्ताच्या आत्ता!" हेही जबाबात घ्यावे, असे मी म्हणाले. त्यांनी घेतले.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. किल्ली कोणी मागितली नाही.