प्रभुभोजनाच्या वेळची पेटी

छे छे, पाळकसाहेब, मी प्रफुल्लला माफ केलं असं कधी बोलले? बसा, उभ्याउभ्या नको. सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं — काल मी पेटी वाजवली, साक्ष नाही दिली! मंडळी भाकर घ्यायला रांगेत चाललेली, मी आपली बोटं फिरवतेय, आणि नऊ वर्षांनी चर्चात आलेला हा बाबा रांगेतच रडायला लागला — सरोजताईने मला माफ केलं म्हणे, सगळ्यांसमोर तुम्हाला सांगून मोकळा! कशावरून? सुरात 'माफ' हा शब्द कुठे असतो, दाखवा ना मला. तोंडाने बोललं की माणूस बांधला जातो. सारेगमने कोण बांधलं जातं?

हो, चाल आईचीच होती. याच खोलीत, वर्तकनगरला, भाकऱ्या थापताना गुणगुणायची, बिनशब्दांची. मग? अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, चार महिने तेवढी चालच उरली — पाणी हवं तरी तीच, कुशीवर वळवायचं तरी तीच, आणि मला बरोब्बर कळायचं हो. दाराकडे बघून गुणगुणली की समजायचं, प्रफुल्लला बोलाव म्हणतेय. मी फोनवर फोन केले. दिव्याहून ठाण्याला यायला वेळ तो किती लागतो? हा थेट मातीला उगवला. मातीला!

काय म्हणालात — मग तीच चाल का? अहो, बोटं गेली, सवयीने... नाही, तुमच्यासमोर खोटं कशाला बोलू. तो रांगेत दिसला. केस पिकलेत, एक पाय ओढत चालत होता. हातातलं गीत मी अर्ध्यात सोडलं.

आधी समेट, मग भाकर — तुम्हीच सांगता ना? म्हणून तर मी पेटीमागे बसते. वाजवणारीला कोण विचारतंय, बाई, तू घेतलीस का? तुम्ही तरी कधी विचारलंत? नऊ वर्षं, पाळकसाहेब, एक तुकडा नाही.

रडत नाहीये मी. चहा घ्या, गार होतोय. नको, त्याला निरोप-बिरोप काही नको — त्याला ऐकू आलं ते आलं. एवढंच करा, पुढच्या प्रभुभोजनाला पेटीवर देवयानीला बसवा. नवशिकी आहे, चुकेल, चुकू दे. मला रांगेत उभं राहायचंय. आता निघा तुम्ही. आणि जाताना दार ओढून घ्या.